सालगडी, बिडी, जिनिंग, गिरणी : श्रमिकांच्या इतिहासाचा कार्यक्रम गावात करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं कलापथक वर्धा जिल्ह्यातलं, हिंगणघाटच्या बाजूचं. दिवसा कोणी जिनिंगवर (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात), कोणी शाळेत, कोणी वावरात, आणि संध्याकाळी तालीम. मंडळांचे, ग्रामपंचायतींचे, कधी कॉलेजच्या पोरांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

कामगार चळवळ म्हणजे मुंबईच्या गिरण्या. आमच्या खेड्याचा तिच्याशी काय संबंध?

मुंबईचा मान मुंबईला. पण नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि त्याच वर्षी तिथे मजुरीच्या दरावरून संप झाला. देशातल्या गिरणी संपांच्या सगळ्यात जुन्या नोंदींमध्ये तो येतो. रेल्वे नागपूरला १८६७ मध्येच पोचली होती. तिच्या मागोमाग वऱ्हाडात आणि वर्धेच्या खोऱ्यात रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, आणि गाठी बांधायचे प्रेस उभे राहिले. हिंगणघाटच्या कापसाला तर त्याआधीपासून परदेशी बाजारात नाव होतं. पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर, अकोला इथे गिरण्या निघाल्या. ही काही महानगरं नव्हेत. पाळीला येणारा माणूस आजूबाजूच्या खेड्यातून पायी नाहीतर सायकलीवर यायचा. भोंगा गावात ऐकू यायचा, आणि ज्यांच्याकडे घड्याळ नव्हतं ते त्यावरच भाकरी टाकायचे.

पूर्वेकडे चला. भंडारा-गोंदियात बिडी, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी, रामटेककडे मनसर. उमरेड, वणी, बल्लारपूरला कोळसा. प्रत्येक बाजार समितीत हमाल आणि मापाडी. हे सगळे खेड्यातच राहत होते, अजूनही राहतात. वावरात दिवस भरणारी बाई तर यादीत सगळ्यात वर यायला हवी, पण तिचं नाव घेतलं की लोक म्हणतात, ती कामगार कुठे, ती तर मजूर!

शेतकऱ्यांची गाणी भरपूर आहेत. शेतमजुरांची वेगळी कशाला?

आमचं सगळं काम या एका प्रश्नाभोवती फिरतं, म्हणून जरा सविस्तर.

विदर्भाचं दुःख सांगायचं म्हटलं की स्टेजवर एकच माणूस येतो: डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी. त्याचं दुःख खोटं नाही, त्याच्यावर आम्हीही गातो. पण त्याच वावरात पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळीत कमरेला ओटी बांधून वेचणाऱ्या आठ-दहा बाया असतात, त्या गाण्यात कुठेच नसतात. पाडव्याला साल ठरवून वर्षभर बांधला गेलेला सालगडी नसतो. त्याने आगाऊ घेतलेली उचल नसते, आणि ती फिटली नाही म्हणून पुढच्या पाडव्याला पुन्हा त्याच दारात उभं राहणं नसतं. किमान वेतनाचा कायदा १९४८ मध्येच आला आणि शेतमजुरी तेव्हापासून त्याच्या अनुसूचीत होती. पण वेचणीचा किलोचा भाव आजही धुऱ्यावर उभं राहून ठरतो.

आता खरी अडचण. वेचणीच्या दराचं गाणं सुरू झालं की समोर बसलेले काही शेतकरी उठून जातात. त्यांचंही एक म्हणणं आहे: कापसाला भाव नाही, मजुरी कुठून वाढवू? आम्ही ते म्हणणंही नाटिकेत घालतो. शिवाय दोन एकरवाल्याची बायको आपला कापूस आटोपून दुसऱ्याच्या वावरात वेचायला जातेच, तेव्हा रेघ काही सरळ नाही. पण रेघच नाही असं दाखवून दोघांना एका ‘बळीराजा’त घालून टाकणं आम्हाला मान्य नाही. तुमच्या मंडळाला तसं हवं असेल तर दुसरं पथक बघा, राग नाही.

कोणता कलाप्रकार घ्यावा?

तुमच्या भागात जो जिवंत आहे तो. बुलढाण्यात दंडार नेऊ नका आणि गडचिरोलीत पोवाड्याचा हट्ट धरू नका.

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धान पट्ट्यात, दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार आहेत. खडी गंमतीत शाहीर, ढोलकी, गमत्या आणि बाईचं सोंग घेतलेला नाच्या असतो. मुकादमाची, ठेकेदाराची नक्कल या प्रकाराला इतकी सोसते की वेगळं लिहावं लागत नाही, गमत्या आपणच भर घालतो. पश्चिमेकडे खंजिरी भजनाची सवय घराघरात आहे. तुकडोजी महाराजांचं मोझरी अमरावती जिल्ह्यातच, आणि गावातलं भजनी मंडळ एक नवी चाल एका रात्रीत बसवतं. श्रमाला देव मानणारी भजनं त्यांच्याकडे असतातच. मजुरीचं एखादं कडवं त्यात बसतं का, एवढंच विचारायचं.

जलशाची परंपरा वेगळी आणि आम्हाला फार जवळची. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाला. त्याच्या जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि सावकार, भट, खोटे कागद यांची हजेरी घेतली. अमरावती-बुलढाण्याकडे ही चळवळ खोलवर रुजली होती. पुढे आंबेडकरी जलसे आले आणि मग भीमगीतं. आज विदर्भातल्या कुठल्याही वस्तीत कामगारांवर गाणं बसवायचं म्हटलं तर पेटी, ढोलक आणि आवाज तिथेच तयार सापडतो. गायकाला शिकवायला जाऊ नका, त्याच्याकडून शिका.

झाडीपट्टीच्या नाटकात हा विषय चालेल का? लोक तर करमणुकीसाठी येतात.

चालेल, पण भाषण चालणार नाही. दिवाळीनंतर धान निघालं की हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे कंपन्यांचं ठाणं. तिथे मंडळवाले जाऊन नाटक ठरवतात. दिवसा शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत), रात्री नाटक, घरोघरी पाहुणे, आणि त्याच गर्दीत सोयरिकीही जुळतात. नाटक पहाटेपर्यंत चालतं. एवढ्या रात्रीत प्रेक्षकाला गाणं हवं, विनोद हवा, रडू हवं. तेंदूपत्त्याच्या, म्हणजे बिडीच्या पानाच्या, ठेकेदाराची गोष्ट या तिन्हीत बसते. या रंगभूमीला हलकं समजणाऱ्या शहरी पाहुण्यांना एवढंच सांगतो की २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

तयार कंपनीला नवं नाटक लिहायला लावणं खर्चाचं काम आहे. त्याऐवजी नाटकाआधीचा अर्धा तास मागून घ्या आणि गावच्या पोरांची दंडार ठेवा. बहुतेक कंपन्या नाही म्हणत नाहीत.

बिडी कामगारांवर काही करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

बाबू हरदासांपासून. हरदास लक्ष्मणराव नगराळे, जन्म १९०४, कामठी. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं, ते बहुतेकांना माहीत असतं. पण ते बिडी मजुरांचे संघटक होते हे सांगितलं की निम्मी सभा चमकते. १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत हरदास मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात गेले. १९३९ मध्ये, जेमतेम पस्तिशीत, वारले. अभिवादन आणि मजुरी या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात कशा आल्या, याच्यावर अख्खा जलसा उभा राहतो.

नाटिकेत काम दाखवाल तर नीट दाखवा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवलेली पानं, लोखंडी फर्मा, कैची, दोरा. पान फर्म्यावर ठेवून कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार बिड्यांवर. आणि मग ‘छाट’: मोजून घेणारा मूठभर बिड्या खराब म्हणून बाजूला काढतो, त्याचे पैसे मिळत नाहीत. छाटलेल्या बिड्या कुठे जातात, हा प्रश्न स्टेजवर फक्त विचारा. उत्तर समोरच्या बाया देतील, आणि मोठ्याने देतील. १९६६ चा बिडी आणि सिगार कामगार कायदा, १९७६ चा कल्याण निधी हे सगळं निवेदनात दोन ओळींत येऊ द्या. कलमं वाचू नका.

कार्यक्रम १ मेलाच ठेवायचा ना?

दिवस मोठा आहे. १८८६ चं शिकागोचं आठ तासांच्या कामासाठीचं आंदोलन, आणि आपल्याकडे १९२३ मध्ये मद्रासला कामगार नेते सिंगारवेलूंनी साजरा केलेला पहिला मे दिन. पण विदर्भाच्या खेड्यात १ मे म्हणजे पंचेचाळीसच्या आसपासचं ऊन आणि ऐन तेंदूपत्त्याचा हंगाम. गोंदिया-गडचिरोलीकडे ज्यांच्यासाठी कार्यक्रम करायचा ते लोक पहाटे जंगलात जातात, दुपारी घरभर बसून पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या ठिकाणी, मोजून देतात. त्यांच्याविना कामगार दिन साजरा करून फोटो काढायचे असतील तर गोष्ट वेगळी. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या बाया आणि वीटभट्टीवरची कुटुंबं कधी परततात तेही विचारून घ्या.

शिवाय १ मे हा महाराष्ट्र दिनही आहे, सकाळी झेंडावंदन असतं. आणि वेगळ्या विदर्भाची बाजू घेणारे काहीजण तो दिवस निषेधाचा मानतात. त्या वादात आमचं पथक पडत नाही. रात्री आठनंतर सुरू करतो, तोवर सगळेच जेवून मोकळे झालेले असतात.

आम्हाला विचाराल तर पोळा.

पोळ्याला? तो तर बैलांचा सण.

बैलांचा आणि ते हाकणाऱ्या गड्याचाही. आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या की झडत्या, म्हणजे यमक जुळवून म्हणायच्या ओळी, सुरू होतात. झडतीत पिढ्यान्पिढ्या सावकाराला, पाटलाला, सरकारला चिमटे काढले जातात आणि त्या दिवशी कोणी वाईट मानून घेत नाही. युनियनचं पत्रक वाचायला कोणी थांबणार नाही, झडतीला मात्र अख्खं गाव कान देतं. आमच्या पोरांनी जुळवलेली ही एक:

पोळा रे पोळा, बैलाचा पोळा,
मालकाच्या घरी पुरणाचा गोळा.
बैलाले झूल, शिंगाले शेंदूर,
सालगड्याचा हिशेब अजून दूर.
साल सरलं, उसनं नाही सरलं,
पाडव्याले पुन्हा अंगठ्यानं भरलं.
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

वापरा, बदला, आमचं नाव घालायची गरज नाही. शेवटची ओळ पिढ्यांची आहे, तिला हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारा बाईचा पुतळा. नागपूरची काळी-पिवळी मारबत प्रसिद्ध, पण खेड्यांतही पहाटे ती निघते. तिच्यासोबत निघणारे बडगे हे पुतळे म्हणजे चालू घडामोडीवरचं थेट व्यंग. थकलेल्या मजुरीचा, बंद गिरणीचा, कामावरच्या अपघाताचा बडगा बनवायला बांबू, जुने कपडे, कागद आणि चार तरणी पोरं पुरतात. आरोळी सगळ्यांना पाठ असते, तिच्यात फक्त विषय घालायचा: ‘मुकादमाचा फसवा काटा घेऊन जा गे मारबत!’

म्हाताऱ्या माणसांकडून जुनी गाणी कशी मिळवायची? विचारलं की ‘येत नाही’ म्हणतात.

मोबाइल समोर धरून ‘आजी, गाणं म्हणा’ म्हटलं की कोणालाच गाणं येत नाही. गाणं कामाला चिकटलेलं असतं.

समुद्रपूरकडच्या एका गावात जिनिंगवर आयुष्य गेलेल्या एका आजींकडे गेलो होतो. ‘मले काई येत नाही बाप्पा, पोट्टेहो, चहा घ्या अन् जा’ एवढंच. चहा होईस्तोवर सुनेने त्यांच्यापुढे तुरीचं सूप ठेवलं. खडे वेचता वेचता आजी आधी गुणगुणल्या, मग कापसातली कवडी (खराब बोंडं) वेगळी करायच्या कामाचं गाणं आलं, कडव्यामागून कडवं. रात्रपाळी, नाकातोंडात जाणारी रुई, लेकराला गाठीच्या आडोशाला निजवणं. एका कडव्यात मुकादमाचं नाव होतं, तिथे मात्र गप्प झाल्या. त्याचा नातू मागच्याच गल्लीत राहतो. शेवटी त्यांनी परवानगी दिली ती अशी की गाणं म्हणा, पण त्याचं नाव बदला. आम्ही बदललं. कागदपत्री इतिहास लिहिणाऱ्याला हे पटणार नाही, पण आजींना त्याच गल्लीतून पाण्याला जावं लागतं.

तेव्हा: आधी कामाबद्दल विचारा, किती वाजता उठत होता, डब्यात काय होतं, मजुरी कोण वाटायचं. ध्वनिमुद्रण करण्याआधी विचारा, नंतर त्यांनाच ऐकवा. नाव घालायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. आणि दुसऱ्यांदा जा, रिकाम्या हाताने जाऊ नका.

कोणत्या युनियनचा झेंडा लावायचा? आमच्या गावात यावरूनच भांडण होतं.

भांडण जुनं आहे आणि त्यात विदर्भाचा वाटा मोठा आहे. १९२० मध्ये स्थापन झालेली आयटक ही देशव्यापी कामगार संघटना १९२९ मध्ये फुटली ती नागपूरच्या अधिवेशनात, अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. फुटलेल्यांना जोडणारं १९३८ चं अधिवेशनही नागपुरातच. गिरणी कामगारांचे रा. स. रुईकर नागपूरचे. कम्युनिस्ट नेते ए. बी. बर्धन नागपुरातच कामगारांत वाढले आणि १९५७ मध्ये तिथूनच विधानसभेत गेले. भारतीय मजदूर संघ १९५५ मध्ये काढणारे दत्तोपंत ठेंगडी आर्वीचे, म्हणजे आमच्या वर्धा जिल्ह्यातले. तो संघ १ मेऐवजी विश्वकर्मा जयंती पाळतो. निळ्या झेंड्याचं, म्हणजे आंबेडकरी चळवळीचं, वर बाबू हरदासांच्या निमित्ताने आलंच आहे, आणि त्यात भर म्हणजे १९४२ ते १९४६ डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खात्याचे सदस्य होते.

लाल, निळा, भगवा, तिघांनाही इथे घर आहे. आमची रीत अशी: स्टेजवर झेंडा नाही, अवजारं. विळा, सूप, कैची, हमालाचा हूक, गिरणीतली लाकडी बॉबिन. ज्याला आपला झेंडा आणायचा त्याने प्रेक्षकांत आणावा. तरी एखादा नेता माइक मागतोच. त्याला पाच मिनिटं सुरुवातीला द्या, शेवटी अजिबात नको.

आशाताई, अंगणवाडीताई यांचं इतिहासात काय काम?

अंगणवाड्या १९७५ पासून आहेत, आशा २००५ पासून. त्यांच्या मोर्च्यांत आज जेवढी नवी गाणी तयार होतात तेवढी दुसरीकडे कुठेच होत नसतील. लग्नातल्या, भुलाबाईच्या चालींवर मानधनाची, रजिस्टरांची, थकीत बिलांची गाणी. आताच उतरवून ठेवा, नाहीतर आणखी तीस वर्षांनी कोणीतरी तुरीचं सूप घेऊन त्यांच्या दारात बसेल. शिवाय कार्यक्रमाला बाया जमवायचं कामही बहुतेक त्याच करतात, तेव्हा त्यांना नुसतं सतरंज्या घालायला सांगू नका.

भित्तिचित्र काढायचं आहे. चित्रकार कुठून आणू?

गावाच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर असतोच. फ्लेक्सने त्याचं काम खाल्लं, तोही कामगारच आहे. भिंत त्याला द्या. पोरांना खालचं भरायला लावा. पावसाळ्यानंतर काढा, आधी भिंत खरवडून चुना आणि प्राइमर, आणि पश्चिमेची भिंत टाळा, उन्हाने दोन वर्षांत पांढरी पडते. उगारलेली मूठ आणि धुराडं हे दोन्ही सगळीकडे झालंय. त्याऐवजी तुमच्या गावचं काम काढा. बाजार समितीतला हमाल पोतं पाठीवर घेतो की डोक्यावर, हे आधी जाऊन बघा. चुकलं तर पहिला हमालच हसेल. जागा शाळेची किंवा ग्रामपंचायतीची असेल तर ठराव लेखी घ्या. सरपंच बदलला की भिंतीवर जाहिरात येते.

परवानग्या काय लागतात?

पोलीस ठाण्याला पत्र, ग्रामपंचायतीचं ना हरकत. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत, रात्री दहानंतर उघड्यावर भोंगे बंद. राज्य सरकार वर्षातून ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत सूट देऊ शकतं. आपला दिवस त्यात आहे का ते तहसीलला विचारा. नाटकाची संहिता असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ऐनवेळी मिळत नाही.

हक्कांचं: लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या साहित्यावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. परंपरागत लोकगीतावर कोणाचा हक्क नसतो, पण कोणाकडून ऐकलं ते माइकवर सांगायला काय जातं?

पोरांना दाखवायला नेण्यासारखं काय आहे?

वर्ध्याचं मगन संग्रहालय. गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये सुरू झालेलं, चरखे आणि ग्रामोद्योगाची अवजारं तिथे आहेत. युनियनचा इतिहास तिथे मिळणार नाही, हात कसा चालतो ते मात्र मिळेल. त्याच दिवशी एखादं चालू जिनिंग दाखवा, मालकाची परवानगी घेऊन आणि तोंडाला रुमाल बांधून. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला आता बंद आहे, पण कापसासाठी टाकलेले ते अरुंद रूळ पाहून पोरं बरोबर प्रश्न विचारतात.

जिनिंग मालकाची वर्गणी घ्यावी का?

घ्या, पावती द्या, बॅनरवर नाव नको. बॅनरवर नाव हवंच म्हणाला तर नको.

कलावंतांना मानधन द्यावं लागतं का? सामाजिक काम आहे म्हणून विचारलं.

लागतं. मजुरीच्या हक्काचं गाणं फुकट गाऊन घेणारी मंडळं आम्ही पाहिली आहेत. ढोलकीवाल्याचा तो दिवस बुडालेला असतो. रक्कम आधी ठरवा, कार्यक्रम संपल्याबरोबर हातात द्या, आणि पाकिटावर ‘सप्रेम भेट’ लिहू नका.

तुमचं पथक आमच्या गावात येईल का?

येऊ. जाण्या-येण्याचं भाडं, ठरलेलं मानधन, रात्रीचं जेवण, आणि पथकातल्या मुलींसाठी कडी असलेली एक खोली. झुणका-भाकर चालते, तर्री जास्त नको, गाणाऱ्यांचे घसे बसतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत आणि कापसाच्या पहिल्या वेच्यात आम्हालाच सुटी मिळत नाही, त्या तारखा सोडून बोला.